जुन्नरी कागदावरची काळी पूड

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला पूर्वेकडे वळलं की थोड्याच अंतरावर शेतांच्या वर जाळीच्या अजस्र तबकड्या दिसू लागतात. हे खोडद. आजूबाजूला द्राक्षाच्या बागा, उसाचे फड, कांद्याच्या चाळी आणि त्यांच्यामध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेची 'जीएमआरटी' ही रेडिओ दुर्बीण. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. त्यांतल्या 14 मधल्या भागात, तर उरलेल्या 16 तीन दिशांना फुटलेल्या तीन हातांवर, असा सुमारे 25 किलोमीटरचा पसारा.

दुर्बिणीमुळे गावाचं नाव जगभर झालं. गावातल्या माणसाचं रोजचं काम मात्र अडतं ते सेवा केंद्राच्या, शाळेच्या नाहीतर सोसायटीच्या टेबलावरच्या प्रिंटरपाशी. छपाई फिकी येऊ लागली की प्रश्न उभा राहतो: कंपनीचं नवं कार्ट्रिज घ्यायचं, दुसऱ्या कुणी बनवलेलं 'कम्पॅटिबल' घ्यायचं, की जुन्यातच पूड भरून आणायची? हा प्रश्न संगणकाबरोबर आला असं वाटतं. पण जुन्नर तालुक्यात त्याची मुळं निदान तीन शतकं मागे जातात. शाई कोणती, ती कुणी केलेली, कोणत्या कागदावर चालणार आणि लिहिलेलं किती वर्षं टिकायला हवं, याचा विचार इथल्या लोकांनी कारखान्यातली शाई यायच्या फार आधी केला होता.

जुन्नर हे नाणेघाटाच्या व्यापारी वाटेवरचं जुनं शहर. निजामशाहीचा पहिला पाय इथेच रोवला गेला. त्या शहरात कागद करणाऱ्या कागदी मुसलमानांची वस्ती होती आणि त्यांच्या हातचा 'जुन्नरी' कागद मराठी दफ्तरांत 'दौलताबादी'च्या बरोबरीने नावाने ओळखला जाई. तागाची जुनी पोती, दोरखंडांचे तुकडे, जाळ्या असा टाकाऊ माल जमवायचा, चुन्याच्या पाण्यात मुरवायचा, कुटायचा, वाहत्या पाण्यात धुवायचा, पुन्हा कुटायचा. लगदा तयार झाला की तो हौदात सोडून साच्यावर उचलायचा आणि ओला ताव भिंतीला चिकटवून वाळवायचा. मग त्यावर खळ चढवायची आणि गुळगुळीत दगडाने किंवा शिंपल्याने घोटून चकाकी आणायची. शेवटच्या या दोन कामांवर सगळं अवलंबून असे. खळ कमी पडली की शाई फुटते, म्हणजे रेघेच्या कडेने तंतूंमधून पसरते. घोटाई कमी पडली की बोरू अडखळतो. आज इंकजेटवर स्वस्त कागद लावला की अक्षरांना मिशा फुटतात, त्यामागचं कारण हेच आहे. जुन्नरच्या कागद्यांना ते हाताच्या बोटांनी कळत होतं.

पेशवाईत पुण्याचा कारभार वाढला तसे जुन्नरचे कागदी पुण्यालाही आले. कसबा पेठेतला कागदीपुरा हे त्यांच्या वस्तीचं नाव आजही टिकून आहे.

त्या कागदावर जी शाई चाले ती काजळाची. तिळाच्या तेलाचा दिवा लावून त्यावर भांडं पालथं धरायचं, धरलेली काजळी खरवडून घ्यायची आणि बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात घोटत राहायचं. हे घोटणं दिवसच्या दिवस चाले, कारण काजळ पाण्यात विरघळत नाही. त्याचे कण जितके बारीक आणि डिंकात जितके एकजीव होतील तितकी शाई बोरूतून सरळ उतरते. ओली अक्षरं टिपायला बारीक वाळू. जुने कागद उलगडताना त्यातले कण अजूनही कधीकधी हाताला लागतात.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. बोरू कसे निवडावे, ते बारीक-जाड कसे तासावे, शाईचा आणि रंगांचा संग्रह कसा ठेवावा इथपर्यंत त्यात बारकावे आहेत. तरुणपणी डोळे चांगले म्हणून फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते वाचता येत नाही, असा सल्लाही आहे. लिहिलेलं किती काळ वाचलं जाणार याचा हिशेब आधी मांडायचा आणि मग लेखणी व शाई हाती घ्यायची, हा या समासातला व्यवहार आजच्या सेवा केंद्रालाही तंतोतंत लागू पडतो.

त्या व्यवहाराचा पुरावा पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. पेशवे दफ्तरातले कोट्यवधी मोडी कागद तिथे रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात त्यांतले निवडक कागद 45 खंडांत छापून काढले. ते शक्य झालं याचं एक कारण रसायनात आहे. काजळ म्हणजे कार्बन. उन्हाने तो उडत नाही, हवेने बदलत नाही, वाळवीने आणि पाण्याने कागद खाल्ला तरी उरलेल्या तुकड्यावरचं अक्षर काळंच राहतं.

छपाई आली तेव्हा शाई बदलावी लागली. बोरूची पाणीदार शाई शिळेवर किंवा शिशाच्या खिळ्यांवर धरत नाही. तिथे काजळाला तेलाची, चरबीची, राळेची सोबत लागते. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यातलं काम पाहून गणपत कृष्णाजी या भंडारी गृहस्थाने हे सगळं स्वतः करून पाहायचं ठरवलं. त्याने छापायचं यंत्र घडवलं, शिळा मिळवल्या आणि शाईचे प्रयोग घरीच केले. 1831 साली त्याने मराठी पंचांग छापून बाजारात आणलं. विकत मिळणाऱ्या शाईवर विसंबून न राहता आपल्या यंत्राला, आपल्या कागदाला आणि आपल्या गिऱ्हाइकाला चालेल अशी शाई त्याने बनवली. गिऱ्हाइकाचा मुद्दा तर फारच नाजूक होता. छापील पोथीला चरबीचा स्पर्श झालेला असतो म्हणून ती सोवळ्यात चालत नाही, असा आक्षेप होता. त्यावर त्याने धर्मग्रंथांसाठी चरबीऐवजी तूप घालून शाई केली, असं मराठी मुद्रणाच्या इतिहासात सांगितलं जातं. पर्यायी शाईची महाराष्ट्रातली ही पहिली मोठी गोष्ट म्हणायला हरकत नाही, आणि ती एका कारागिराच्या हिमतीची आहे.

पुढचं शतक शाळेच्या दौतीचं. 1931 मध्ये दि. प. दांडेकर आणि गो. प. दांडेकर या बंधूंनी मुंबईत 'हॉर्स ब्रँड' नावाने शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत फाउंटन पेनांसाठी 'कॅमल' शाई आली आणि त्यातून कॅमलिन उभी राहिली. पुडी सोडायची, पाण्यात ढवळायची, दौत भरायची. शाई भरून घेणं हे खेड्यापाड्यातल्या मुलांच्या हातात बसलं ते इथे. मात्र ही पेनची शाई जुन्या काजळापेक्षा जातीने वेगळी. तिच्यात घन कण नसून पाण्यात विरघळलेला रंग असतो, म्हणून ती निबातून सुरळीत वाहते, आणि म्हणूनच पाण्याच्या एका थेंबाने वहीचं पान धुऊनही निघतं. कण आणि रंग यांतला हा फरक पुढे प्रिंटरच्या कार्ट्रिजमध्ये जसाच्या तसा उतरला.

कोरड्या छपाईची सुरुवात मात्र पेटंटच्या एका कचेरीत नोकरी करणाऱ्या माणसाकडून झाली. चेस्टर कार्लसन याला नकला काढायचा कंटाळा आला होता. न्यू यॉर्कच्या अस्टोरिया भागात, 22 ऑक्टोबर 1938 रोजी, त्याने आणि त्याचा साहाय्यक ओटो कॉर्नेई याने गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून विजेने भारला, अक्षरं लिहिलेली काच त्यावर ठेवून उजेड पाडला आणि वरून एका वनस्पतीच्या बीजाणूंची बारीक पूड भुरभुरली. जिथे उजेड पडला नव्हता तिथे पूड चिकटून राहिली. मेण लावलेल्या कागदावर ती उचलली आणि गरम केली. तारीख आणि त्या भागाचं नाव कागदावर उमटलं. या शोधात पैसे घालायला वर्षानुवर्षं कुणी तयार नव्हतं. अखेर हॅलॉइड नावाच्या लहानशा कंपनीने तो उचलला आणि 1959 मध्ये झेरॉक्स 914 हे यंत्र बाजारात आलं. भारतात 1983 मध्ये मोदी झेरॉक्स सुरू झाली, आणि तालुक्याच्या गावी तहसील कचेरीसमोर 'येथे झेरॉक्स काढून मिळेल' अशा पाट्या लागू लागल्या.

गॅरी स्टार्कवेदर या अभियंत्याने 1971 मध्ये झेरॉक्सच्याच एका यंत्रात लेसर बसवून पहिला लेसर प्रिंटर चालवला. टेबलापर्यंत यायला त्याला 1984 साल उजाडावं लागलं. त्या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या. हेवलेट-पॅकार्डने कॅननच्या यंत्रणेवर बेतलेला लेसरजेट 3,495 डॉलरला आणला, आणि त्याच कंपनीने थिंकजेट हा शाईचा प्रिंटरही काढला. दोन्हींत कल्पना एकच होती: झिजणारा भाग आणि शाई एकाच डबीत बंद करायची. कॅननने ड्रम, पूड आणि ती चढवणारा रोलर एका कार्ट्रिजमध्ये बसवले. थिंकजेटच्या डबीत शाईबरोबर ती उडवणारी 12 बारीक छिद्रंही होती. बिघडलं की डबी काढा, नवी घाला. मेकॅनिक बोलवायची गरज संपली, आणि ही खरोखर मोठी सोय होती. पण याच सोयीतून नवा धंदा उभा राहिला. प्रिंटर स्वस्तात द्यायचा आणि पुढची पाच-सात वर्षं डब्या महाग विकायच्या. हजारो वर्षं माणूस दौत भरत आला होता. आता दौत संपली की फेकायची, असं त्याला शिकवलं गेलं.

याच सुमारास खोडदच्या शास्त्रज्ञांच्या विद्येतही कागद मागे पडत होता. रेडिओ खगोलशास्त्राने सुरुवातीची कित्येक वर्षं शाईनेच आकाश वाचलं. सरकत्या कागदाच्या पट्टीवर पेन हलत राही आणि दुर्बिणीला मिळालेला संकेत नागमोडी रेघेत उतरे. केंब्रिजला 1967 मध्ये जोसलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीने रोज तीसेक मीटर कागद डोळ्यांखालून घालत पहिला पल्सार ओळखला तो अशाच शाईच्या रेघेतून. जीएमआरटीने पुढे पल्सारांवर भरपूर काम केलं, पण तोवर नोंदी संगणकात गेल्या होत्या.

या दुर्बिणीचे जनक गोविंद स्वरूप यांच्या कामाचा आरंभही ध्यानात घेण्याजोगा आहे. 1965 मध्ये त्यांनी कल्याणला भारतातली पहिली रेडिओ दुर्बीण उभी केली ती ऑस्ट्रेलियातून भेट मिळालेल्या 32 जुन्या तबकड्यांवर. सिडनीजवळ तिथल्या शास्त्रज्ञांचं त्यांच्यावरचं काम संपलं होतं. स्वरूप यांनी त्या मागून घेतल्या. 1970 मध्ये उटीची दुर्बीण झाली, आणि 4 ऑक्टोबर 2001 रोजी खोडदची दुर्बीण जगभरच्या संशोधकांसाठी खुली झाली. तिच्या तबकड्या भरीव पत्र्याच्या नाहीत, बारीक तारेच्या जाळीच्या आहेत. दोरखंडासारख्या ताणलेल्या तारांवर ती जाळी बसवली आहे. वजन घटलं, वाऱ्याचा दाब घटला, आणि एवढी मोठी यंत्रणा भारताला परवडेल अशा खर्चात उभी राहिली. यंत्र आतून कसं चालतं हे ज्याला कळतं तो ते स्वस्तात करू शकतो, हे या तालुक्याने मोठ्या प्रमाणावर पाहिलेलं आहे.

कार्ट्रिजच्या बाबतीत मात्र आत काय आहे ते कळू नये, याचीच तजवीज पुढे झाली. अनेक कंपन्यांनी डबीवर इवलीशी चिप बसवली. ती पानं मोजते, आणि मोजदाद संपली की प्रिंटर डबी नाकारतो. अमेरिकेत लेक्समार्क कंपनीने आपली वापरलेली कार्ट्रिजं भरून विकणाऱ्यांना कोर्टात खेचलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 30 मे 2017 रोजी निकाल लागला: वस्तू एकदा विकली की पेटंटच्या नावाखाली तिच्या पुढच्या वापरावर हुकमत चालवता येणार नाही. भरून देणारा जिंकला.

दुसरा बदल आशियातून आला. इंडोनेशियात दुकानदार इंकजेटला बाहेरून शाईच्या बाटल्या आणि नळ्या जोडून देत होते, आणि गिऱ्हाइकं तेच मागत होती. एप्सनने अखेर 2010 मध्ये तिथेच स्वतःचा टाकीवाला प्रिंटर काढला. पुढे तो भारतात आला, बाकीच्या कंपन्यांनीही तोच मार्ग धरला, आणि बाटलीतून शाई ओतणं पुन्हा रीतसर झालं.

भारतातल्या तालुक्याच्या गावांत लेसरच्या बाबतीत ही लढाई कोर्टाविना जिंकली गेली, आणि तिचा नायक म्हणजे '12ए'. एचपीच्या 1010 आणि 1020 या प्रिंटरांत हे कार्ट्रिज बसतं आणि कॅननच्या एलबीपी 2900 मध्ये त्याचाच जुळा भाऊ. कंपनीच्या हिशेबाने एका डबीत 2,000 पानं. चिप नाही, खिळे-पिना काढता येतात, सुटे भाग बाजारात मिळतात. म्हणून नारायणगाव, आळेफाटा, जुन्नर, मंचर, घोडेगाव अशा गावांत जिथे संगणक दुरुस्ती होते तिथे बहुधा हेही भरून मिळतं.

हे काम जवळून पाहावं. कारागीर आधी बाजूच्या पिना ओढतो आणि डबीचे दोन भाग अलग करतो. एका भागात निळा किंवा हिरवा चकचकीत ड्रम. त्याला बोट लावायचं नाही आणि उजेडात उघडा ठेवायचा नाही, म्हणून तो लगेच फडक्याखाली जातो. ड्रमच्या मागे रबरी पात्याचं 'वायपर ब्लेड', आणि त्यामागच्या कप्प्यात कागदावर न चिकटलेली, खरवडून काढलेली वाया गेलेली पूड. ती आधी पूर्ण रिकामी करायची. घाईत नेमकं हेच राहून जातं. कप्पा भरला की पूड बाहेर सांडते आणि प्रत्येक पानाच्या कडेला काळा डाग येतो. मग ड्रमला वीज देणारा काळा रबरी रोलर, ज्याला सगळे 'पीसीआर' म्हणतात, तो कोरड्या कापडाने पुसायचा. दुसऱ्या भागात मॅग्नेटिक रोलर आणि त्यावर पुडीचा पातळ थर राखणारं 'डॉक्टर ब्लेड'. बाजूचं बूच काढून सुमारे 100 ग्रॅम पूड भरायची, भाग जोडायचे, आणि आडवी धरून पाच-सहा वेळा हलवायची.

ही पूड, म्हणजेच टोनर, बाटलीत पातळ पदार्थासारखी हलते. तिचा कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक. त्यात मुख्यतः प्लास्टिक, काळेपणासाठी कार्बन आणि काळ्या-पांढऱ्या छपाईच्या बऱ्याच टोनरमध्ये चुंबकाला ओढलं जाणारं लोहाचं ऑक्साइड. प्रिंटरमधून कागद बाहेर पडण्याआधी तो तापलेल्या रोलरखालून जातो, प्लास्टिक वितळतं आणि कार्बन कागदाला घट्ट बसतो. डिंकाच्या जागी प्लास्टिक आलं आणि दिव्याच्या जागी कारखाना. काळं करणारा पदार्थ पेशव्यांच्या कारकुनाचाच.

म्हणून टिकवायच्या कागदाला लेसर, हा पहिला निर्णय. खरेदीखत, फेरफार, वारसनोंद, जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला या कागदांच्या प्रती टोनरवर काढाव्यात. महाराष्ट्रात 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. 15 रुपये भरून तो घरबसल्या काढता येतो, त्यावर तलाठ्याची शाईची सही लागत नाही, पण 16 अंकी पडताळणी क्रमांक असतो. तो क्रमांक एका अंकाने जरी पुसट आला तरी पडताळणी अडते. भरलेल्या कार्ट्रिजने छापलेल्या पहिल्या पानावर नखाने घासून पाहावं आणि पान दुमडून घडीवर बोट फिरवावं. पूड निघाली तर ती त्या प्रिंटरच्या उष्णतेला जुळणारी नाही, किंवा तापवणारा भाग थकला आहे. ठरावीक अंतरावर तोच ठिपका पुन्हा पुन्हा येत असेल तर पट्टीने मोजावं: 12ए मध्ये ते अंतर साडेसात सेंटीमीटरच्या आसपास भरलं तर ड्रमला जखम झालेली आहे, कारण तोच ड्रमचा घेर. अशा वेळी पूड बदलून काहीही होत नाही, ड्रमच बदलावा लागतो. एक ड्रम साधारण दोन-तीन भरण्या नीट काढतो. जो दुकानदार हे मोकळेपणाने सांगतो त्याच्याकडे जावं.

टोनरलाही एक शत्रू आहे. मऊ पीव्हीसीच्या फोल्डरमध्ये कागद वर्षानुवर्षं राहिला की प्लास्टिक प्लास्टिकला धरतं आणि अक्षरं कागद सोडून फोल्डरला चिकटतात. जमिनीचे कागद कापडी बस्त्यात किंवा साध्या कागदी पाकिटात राहू द्यावेत.

शाळेचं काम निराळं. तिथे रंग हवा, तक्ते हवेत, पानं भरपूर हवीत आणि पैसा थोडा. टाकीचा इंकजेट इथे चोख. पण बाटली घेताना कण आणि रंग यांतला फरक विसरू नये. विरघळलेल्या रंगाच्या शाईला 'डाय' म्हणतात, कणांच्या शाईला 'पिगमेंट'. काही टाकी-प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची आणि बाकीच्या डायच्या असतात. एकीच्या टाकीत दुसरी ओतली तर छिद्रं बुजतात. डायची छपाई खिडकीतल्या उन्हात काही महिन्यांत उडते आणि ओल्या हाताने फुटते. म्हणून मुलांच्या चित्रांना ती चालेल, दाखल्यांना नाही. जुन्नर-आंबेगावच्या उन्हाळ्यात महिनाभर न वापरलेला इंकजेट हमखास चोंदतो. मे महिन्याच्या सुटीतही आठवड्याला एक रंगीत पान काढलं तर शाई उडवणारा हजारोंचा हेड वाचतो. पावसाळ्यात उलटं. तेव्हा हवेतली ओल कागदात शिरते, पानं वाकतात, दोन-दोन एकदम ओढली जातात, आणि टोनरच्या गुठळ्या होतात. उघडी रीम प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली तरी बराच त्रास वाचतो.

बाजारातल्या हिशोबपट्टीला तर वेगळंच यंत्र लागतं. शेतकऱ्याला एक, अडत्याला एक, बाजार समितीला एक अशा प्रती एकाच ठोक्यात काढायच्या तर जुना खडखडणारा डॉट मॅट्रिक्सच हवा, कारण त्याची पिन खरोखर कागदावर आपटते. लेसर प्रिंटर कागदावर ठोका देत नाही, म्हणून कार्बनखालच्या प्रती त्यात उमटत नाहीत. काट्यावरच्या किंवा एटीएमच्या गुळगुळीत पावतीत शाई नसतेच, कागदच उष्णतेने काळा होतो आणि पुढे आपोआप पांढरा पडतो. तिच्यावर पैसे अवलंबून असतील तर त्याच दिवशी झेरॉक्स काढून ठेवावी.

ओरिजिनल घ्यावं की भरून आणावं, याचं उत्तर या सगळ्यातून सरळ निघतं. प्रिंटर हमीच्या मुदतीत असेल, किंवा एखादं कागदपत्र अजिबात बिघडून चालणार नसेल, तर कंपनीचं. साधं 12ए सारखं कार्ट्रिज, रोजचं काम आणि हात बसलेला कारागीर असेल तर भरणीत काही कमीपणा नाही. काही हजारांचं काम काही शेकड्यांत होतं. स्वस्त कम्पॅटिबल घ्यायचं तर एकदम पाच घेऊ नयेत, एक घेऊन शंभर पानं काढून पाहावीत. खोक्यावर लिहिलेली पानांची संख्या जेमतेम 5 टक्के काळं असलेल्या प्रमाणित पानाच्या हिशेबाने असते. चौकटी, शिक्के आणि फोटो असलेली आपली पानं त्याहून जास्त पूड खातात. भरल्याची तारीख पेनाने डबीवर लिहून ठेवली की सहा महिन्यांत आपलं यंत्र खरोखर किती पानं देतं ते आपोआप कळतं.

एक काम मात्र अजून व्हायचं आहे. केंद्र सरकारच्या 2016 च्या ई-कचरा नियमांतच प्रिंटरबरोबर त्याचं कार्ट्रिजही नावानिशी आलं होतं. तरी वाया गेलेली पूड ओढ्याकाठी झटकली जाते आणि मेलेल्या डब्या कचऱ्याबरोबर पेटवल्या जातात. त्या पुडीत प्लास्टिक आहे. जाळली की विषारी धूर होतो आणि उडाली की श्वासात जाते. खोडदला दरवर्षी 28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला भरणाऱ्या प्रदर्शनासाठी तालुक्यातल्या आणि बाहेरच्या शाळा येतात. येताना प्रत्येक शाळेने आपल्याकडची रिकामी कार्ट्रिजं पिशवीत बांधून आणावीत, प्रदर्शनाच्या दारात एक पेटी ठेवावी आणि भरलेली पेटी नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे पाठवावी. शाळांनी ही मागणी या वर्षीच पत्र लिहून करावी.